पत्र्यावरचे तांबडे दगड

देवावर मी कधी संशय घेतला नाही. माणसांवर मात्र उठता-बसता घेतला. लहानपणी दूधवाला दारात आला की आईच्या आधी मी भांडं घेऊन पुढे व्हायची आणि त्याच्यादेखत दुधात बोट बुडवून बघायची. माझे वडील आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते, स्वभावानं मिश्कील. ते म्हणायचे, "एदेन बागेत हव्वेच्या जागी आमची ही असती तर सर्पाची डाळ शिजली नसती. पण बिचाऱ्या आदामालासुद्धा हिनं झडती घेतल्याशिवाय आत सोडलं नसतं." घरात सगळे हसायचे, मीही हसायची. संशय म्हणजे शहाणपण अशीच माझी समजूत होती, आणि नगरला मिशनच्या दवाखान्यात परिचारिकेचं शिक्षण घेताना ती आणखी पक्की झाली. बाटलीवरचं नाव दोनदा वाचा, पाणी उकळलं असं कुणी म्हटलं तरी स्वतः उकळून घ्या, हेच तिथं शिकवलं जायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात वादळाचा वाटा होताच, पण माझ्या स्वभावाचा वाटा त्याहून मोठा होता.

बहात्तरच्या दुष्काळात आम्हा नवरा-बायकोला मिशननं भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर पाठवलं. माझे यजमान सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताची शुभवार्ता सांगणारे होते. संध्याकाळी ते मुलांना मुळाक्षरं शिकवत, म्हणून वाडी त्यांना मास्तर म्हणे आणि मला नुसतं बाई. आमच्यासाठी मिशननं टेकाडाच्या माथ्यावर दोन खोल्यांचं पक्क्या विटांचं घर बांधून दिलं होतं, वर पत्रा. उगवतीकडच्या खोलीत आम्ही राहायचो आणि रविवारी तिथंच उपासना व्हायची. मावळतीकडच्या खोलीत दोन खाटा आणि औषधांचं कपाट, तोच दवाखाना. दोन्हींच्या मध्ये विटांची भिंत आणि एक दार. घर चारी बाजूंनी दिसावं म्हणून जागा मुद्दाम उंचावर निवडलेली. वाडीची घरं मात्र खाली, टेकाडाच्या पोटाशी, कारवीच्या कुडाची आणि गवतानं शाकारलेली, इतकी बुटकी की आत जायचं तर वाकावंच लागे. वरून ती घरं बघितली की मला त्यांची कीव यायची.

वाडीनं आम्हाला लगेच जवळ केलं नाही. दुधाची पावडर पोरांना पाजली की ती पोरं बाटतात, अशी कुणीतरी आवई उठवली होती. बाया माझ्यासमोर पेला घेत आणि कोपऱ्यावर गेल्या की ओतून देत. लहान-थोर सगळे मला अरे-तुरे करायचे. तिथं सगळ्यांना तसंच बोलतात, देवालासुद्धा, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी प्रत्येक 'तू' मनात टिपून ठेवत होते. सगळ्यात जास्त राग होता तो भगतावर. वाडीत कुणी आजारी पडलं की आधी त्याच्याकडे नेत, अंगारा, उतारा, कोंबडं असं सगळं झालं की मग माझ्याकडे. पहिल्याच पावसाळ्यात जुलाब लागलेलं एक मूल औषध अर्ध्यावर सोडून घरच्यांनी उचलून नेलं आणि ते वाचलं नाही. भगताला मी जवळून कधी पाहिलंही नव्हतं, पण त्या मुलाचा हिशेब मी त्याच्याच नावावर लावून टाकला होता.

त्र्याहत्तरचा मे महिना संपत आला होता तेव्हाची ही गोष्ट. धावजीबाबा नावाचा म्हातारा आपल्या सहा वर्षांच्या नातीला पाठुंगळी घेऊन टेकाड चढून आला. पोरीचं नाव बुधी. तिचे आई-बाप राहुरीकडे कालव्याच्या कामावर गेलेले, ती आजा-आजीजवळ होती. छातीला नळी लावली तेव्हाच मला कळलं की न्यूमोनिया आहे आणि बराच वाढलेला आहे. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळसर पडले होते. खाली नगरपर्यंत नेण्याइतका जीव तिच्यात नव्हता. मी म्हाताऱ्याला स्पष्ट सांगितलं की सात दिवस सकाळ-संध्याकाळ सुई द्यावी लागेल, सात दिवस पोर इथंच राहील, मधे कुणी हलवलं तर माझी जबाबदारी नाही. त्यानं मान डोलावली. पोरीला खाटेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मला त्याचं ते मुकाट्यानं मान डोलावणंच आवडलं नाही. ज्याला पाळायचं नसतं तोच इतक्या लवकर हो म्हणतो, असं माझ्या मनात आलं.

म्हातारा रोज यायचा. पण नातीपाशी बसायच्या ऐवजी तो घराभोवती फिरायचा. कधी पत्र्याकडे बघे, कधी भिंतीला हात लावे, कधी लांब जाऊन मावळतीच्या डोंगराकडे तोंड करून उभा राही आणि बोटांवर काहीतरी मोजी. तिसऱ्या दिवशी आमचा विहिरीचा जादा दोर, खुंटीला टांगलेला, दिसेना. मी यजमानांना म्हटलं, "आज दोर गेला, उद्या पत्रा जाईल." ते म्हणाले, "अगं, म्हाताऱ्याला विचारू या की." मी विचारलं नाही. मी फक्त दाराला आतून कडी लावायला लागले.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, म्हातारा दारात येऊन उभा राहिला. "बाई, पोरीला मी खाली नेतो," तो म्हणाला. "दोन दिस. मंग पुन्ना आनून देतो."

मी ज्याची वाट बघत होते तेच झालं. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "वारं येनार हाय. मोठं. ह्ये घर उघड्यावर हाय." बाहेर पानही हलत नव्हतं. आमच्या रेडिओचे सेल संपून पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे बातमी अशी काही नव्हती. मी त्याला सरळ सांगितलं की पक्क्या विटांच्या घरातून उचलून गवताच्या झोपडीत न्यायला मी काही खुळी नाही, आणि वाऱ्याचं निमित्त मला सांगू नका, भगताकडे न्यायची आहे ते मला कळतं. त्यानं एकदा पत्र्याकडे बघून घेतलं. रागावला नाही, पण समजूतही घातली नाही. मग वळून टेकाड उतरून गेला. त्या दिवसापासून मी बुधीच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरूण टाकलं आणि तिला क्षणभरही नजरेआड करायचं नाही असं ठरवलं. सुयांनी गुण यायला लागला होता, पण ताप अजून चढत होता. तीन दिवस आणखी मिळाले तर पोर वाचेल हे मला दिसत होतं. ते तीन दिवस कुणी हिरावून घेऊ नये एवढीच माझी प्रार्थना होती. आता खरं सांगते, त्या प्रार्थनेत मी देवाला माणसांची नावंसुद्धा घेऊन सांगत होते.

शनिवारी दुपारी मात्र मला बाहेर पडावं लागलं. यजमान औषधांचं पार्सल आणायला मोटारीच्या रस्त्यापर्यंत गेले होते, आणि ओढ्यापलीकडे एका बाईच्या पायावर कुऱ्हाड बसल्याचा निरोप आला. रक्त थांबत नव्हतं. बुधीची आजी नातीपाशी बसली होती, तिच्यावर सोपवून जाण्यावाचून इलाज नव्हता. मी टाके घातले, पट्टी बांधली आणि अक्षरशः पळत परत आले. सगळ्या वाटेनं मला रिकामी खाटच दिसत होती. खाटेवर बुधी होती. आजी तिच्या केसांतून हात फिरवत होती. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं, चूळ भरता-भरता वर बघितलं, आणि तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं.

पत्र्यावर ओळीनं दगड ठेवलेले होते. एका दोराच्या दोन टोकांना दोन दगड बांधून तो दोर आढ्यावरून दोन्ही उतारांवर सोडलेला, असे कितीतरी जोड. त्यात आमचा विहिरीचा दोरही मला ओळखू आला. आणि काही दगड तांबडे होते. एका अंगाला फासल्यासारखा तांबडा रंग, शेंदूर लावतात तसा. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळून आलं. पोर देत नाही म्हणून यांनी घरावर करणी केली. नाही तर आमच्या घरावर आपला देव बसवला, म्हणजे हे घर आता त्यांचं. आजीला मी काही विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, त्याला आधीच सगळं ठाऊक असतं. तिला मी घरी जायला सांगितलं, आणि ती बिचारी पदर सावरत गेली.

त्यात दुसऱ्या दिवशी नगरहून पाळकसाहेब उपासनेला येणार होते. मिशनच्या घरावर शेंदराचे दगड त्यांनी बघितले असते तर वर्षभराच्या कामाची शोभा झाली असती. यजमान पार्सल घेऊन परत आले तोवर मी शिडी लावून ठेवली होती. ते वर बघत म्हणाले, "आधी धावजीबाबाला विचारून येतो." मी म्हटलं, "विचारायला गेलात की ते काहीतरी गोड बोलतील आणि तुम्ही ऐकाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे." त्यांचा स्वभाव खरंच तसा होता, म्हणून ते माझंही ऐकत. ते वर चढले. उगवतीकडच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली, एक-एक गाठ सोडून दगड खाली देत गेले, मी ते भिंतीशी रचत गेले. ओझ्यानं आमच्या दोघांचे हात सोलवटले. निम्मं घर मोकळं झालं तेव्हा घड्याळात पाच वाजले. सुईची वेळ मी कधी चुकवत नसे. बुधी हातपाय झाडायची, तिला धरायला दुसरं माणूस लागायचं, म्हणून मी त्यांना हाक मारली. सुई उकळून, देऊन होईपर्यंत मावळतीकडून वारा सुटला आणि पाठोपाठ आडवा पाऊस. आता वर चढणं शक्य नव्हतं. उरलेले उद्या पाळकसाहेब यायच्या आत काढू, असं आम्ही ठरवलं.

नगरला आम्हाला शिकवणाऱ्या एक वयस्कर मडम होत्या. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर मिशनचं काम करून आल्या होत्या. तिथल्या चक्रीवादळाची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. बेटावरची सगळी माणसं दगडी चर्चमध्ये घेतली, दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि दोन दिवस गाणी गात, प्रार्थना करत बसून राहिलो, असं त्या सांगत. वादळ ही समुद्राकाठची गोष्ट, आपल्या नगर जिल्ह्याचा तिच्याशी काय संबंध, असं मला वाटायचं. त्या रात्री मात्र वाऱ्याचा आवाज ऐकून मला मडमची आठवण आली आणि मी तसंच केलं. एकूण एक दार-खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. अरबी समुद्रातलं मोठं वादळ किनाऱ्यावर चढून डोंगरात शिरलं होतं, हे आम्हाला आठवड्यानं कळलं. झोप कुणालाच लागली नाही. पत्रा थडथडत होता. बुधीचा ताप चढलेला होता. मी तिच्या उशाशी बसून म्हणत होते की प्रभू, या लेकराला या लोकांपासून राख. वाऱ्यापासून राख असं म्हणायचं मला सुचलंही नाही.

सकाळ झाली पण उजेड असा झालाच नाही. पाळकसाहेब येण्याचा प्रश्नच नव्हता. उपासनेला वाडीतलंही कुणी येणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघंच बुधीच्या खाटेजवळ गाणं म्हणायला बसलो. पहिलं कडवं संपत होतं तेवढ्यात पलीकडच्या खोलीत बैलगाडी उलटावी तसा आवाज झाला. मधलं दार फाटकन उघडून भिंतीवर आपटलं. पलीकडे आमचं छप्पर नव्हतं. वर नुसतं पळतं काळं आभाळ होतं, आणि पत्रे एकामागून एक दरीकडे उडत जात होते. आमचे कपडे, पुस्तकं, उपासनेच्या चटया, सगळं खोलीभर गरगरत होतं. वारा आता मधल्या दारातून आमच्या खोलीत घुसला. डोक्यावरचे पत्रे उचलू-उचलू करत होते, पण उचलले जात नव्हते. ते का उचलले जात नाहीत हे मला कळलं. जिथले दगड आम्ही काढले होते तिथलंच छप्पर गेलं होतं. सुईसाठी मी हाक मारली म्हणून जे दगड राहून गेले, त्यांच्याच खाली बुधीची खाट होती.

बाहेरचं दार कुणीतरी बडवायला लागलं. यजमानांनी उघडलं. धावजीबाबा आणि आणखी तिघं, कमरेला दोर बांधून एकमेकांना जोडलेले, डोक्यावर पोत्याची खोळ. म्हाताऱ्यानं कुणाला काही विचारलं नाही. सरळ खाटेशी आला, बुधीला घोंगडीत गुंडाळलं आणि उचललं. आणि मी, छप्पर उडालेलं डोळ्यांनी बघितलेली मी, पुढे होऊन घोंगडीचं टोक धरलं. दोन्ही हातांनी धरलं. मी ओरडून म्हणाले की तुम्ही तिला भगताकडे नेणार, मला माहीत आहे.

"व्हय, भगताकडंच," म्हातारा म्हणाला. "त्याचं घर समद्यात खाली हाय. डोंगराला पाठ लावून. वारं आत शिरलंय बाई, ही भित न्हाई ऱ्हायची आता."

मी ज्याला सगळ्यात जास्त भीत होते तेच तो तोंडानं बोलत होता, जराही न लपवता. मी यजमानांकडे बघितलं. ते एवढंच म्हणाले, "सोड." ते माझ्यावर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. मला वाटतं, त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा खरी प्रार्थना केली, कारण तिच्यात शब्दच नव्हते. देवाला सांगण्यासारखी एकही अट माझ्याजवळ उरली नव्हती. माझी बोटं आखडली होती, ती एकेक करून सोडवावी लागली. मी सोडलं. म्हातारा पोरीला छातीशी धरून बाहेर पडला. यजमानांनी औषधांची पेटी कोटाखाली घेतली, दोघांनी आम्हाला दोरात अडकवलं आणि आम्ही बसत, सरपटत टेकाड उतरलो. निम्म्या वाटेवर मागे धडधडल्याचा आवाज आला. मधली भिंत खाटेवर पडली होती, पण ते आम्हाला नंतर दिसलं.

भगताचं घर खरंच डोंगरात पाठ खुपसून बसल्यासारखं होतं. आत पंचवीस-तीस माणसं, शेळ्या, कोंबड्या आणि धूर. चुलीजवळची कोरडी जागा बुधीसाठी राखून ठेवलेली होती. चार माणसं आढ्याला बांधलेल्या दोरांना लोंबकळून बसली होती, छप्पर वाऱ्यानं उचलू नये म्हणून आपल्या अंगाचा भार देत. दमली की दुसरी चार येत. बुधीच्या डोक्यावरचा दोर एका हाडकुळ्या, दाढीवाल्या म्हाताऱ्यानं धरला होता. तो मात्र कुणाला पाळी देत नव्हता. तोच भगत, हे मला कुणी न सांगता कळलं. कोपऱ्यात त्याचे देव होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. एवढं झाल्यावरसुद्धा मी पाठ करून बसले, हे लपवण्यात अर्थ नाही.

दगडांची गोष्ट यजमानांनीच काढली. आम्ही निम्मे दगड काढल्याचं त्यांनी धावजीबाबाला सांगून टाकलं, आणि का काढले तेही. शेंदूर हा शब्द ऐकून म्हातारा बुचकळ्यात पडला, मग त्याच्या लक्षात आलं. ते दगड बंद पडलेल्या दुष्काळी रस्त्याच्या कामावरचे होते. मोजून झालेल्या ढिगावर मुकादम गेरूचं पाणी शिंपडायचा, तोच तो तांबडा रंग. वाडीजवळचे गोटे गुळगुळीत, त्यांच्यावर दोर टिकत नाही. फोडलेल्या दगडाला कंगोरा असतो म्हणून चौघांनी मैलभरावरून ते डोक्यावर वाहून आणले होते. "पोर तू देईनास," म्हातारा म्हणाला, "मंग म्हटलं, हाय तितंच घर बांधून काढू." पोर मिळाली नाही तर लागेल म्हणून दोर आधीच न विचारता नेला ही चूकच झाली, एवढं तो स्वतःहून म्हणाला. मला वर बघवेना. वर्षभर आम्ही त्या वाडीला ख्रिस्ताच्या दाखल्यातल्या, खडकावर बांधल्यामुळे वादळात टिकलेल्या घराची गोष्ट सांगत होतो.

दिवस कसा गेला कळलं नाही. माझं घड्याळ पाणी शिरून बंद पडलं होतं. दाराच्या फटीतून सकाळपासून तोच राखाडी उजेड येत होता. रात्रीच्या जागरणानं मी बसल्या जागी पेंगत होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "शेळ्या उभ्या ऱ्हायल्या बाई."

मला काही समजलं नाही. भगत दोराला तसाच लोंबकळत होता, हातांना रक्ताचे वळ. तो म्हणाला, "धारंची येळ झाली की शेळ्या उठत्यात. तुजी सुईची येळ झाली."

मी उठले, चुलीवर पाणी ठेवलं, सुई उकळली. माझी वेळ याला कशी ठाऊक, हे मी न राहवून धावजीबाबाला विचारलं. तो म्हणाला की भगतानंच रोज विचारलं, सुई दिली का, पोरीनं काय खाल्लं, छातीचा आवाज कसा येतो. आणि मग अगदी सहज, नातीचे पाय धरता-धरता त्यानं सांगितलं की बुधीला माझ्याकडे आणायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं तिला आधी भगताकडेच नेलं होतं. भगतानं छातीला कान लावला आणि म्हणाला, हे माझ्याच्यानं होणार नाही, हिला उचल आणि आत्ताच्या आत्ता त्या बाईकडे ने. म्हणजे ज्या माणसापासून राख म्हणून मी रात्रंदिवस देवाला साकडं घालत होते, त्यानंच त्या लेकराला माझ्या दारात पाठवलं होतं. मी सुई दिली. पोर रडली. त्या रडण्यात दोन दिवसांपूर्वीपेक्षा बळ होतं. मीही रडले, पण चुलीचा धूर होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

तिथं बसल्या-बसल्या मला मडमची गोष्ट पुन्हा आठवली. त्यात एक वाक्य असं होतं, जे मी दर वेळी ऐकून सोडून दिलं होतं. ते दगडी चर्च कुठं बांधायचं ती जागा बेटावरच्या म्हाताऱ्यांनी दाखवली होती. मडमच्या नवऱ्याला दुसरी जागा पसंत होती, पण त्यांनी ऐकलं. मला त्या गोष्टीतली बंद दारं तेवढी लक्षात राहिली होती.

सोमवारी सकाळी वारा पडला. वाडीची नऊ घरं गेली होती, माणूस एकही गेलं नव्हतं. मंगळवारी बुधीचा ताप उतरला आणि तिनं नागलीची भाकर मागितली. आमच्या घराच्या मावळतीकडचे पत्रे तांबड्या दगडांसकट जागेवर होते आणि खाली खाटेवर विटांचा ढीग होता. मी तो ढीग बराच वेळ बघत उभी होते. त्या एका खाटेत माझ्या सगळ्या हुशारीचा निकाल लागला होता. माझ्या संशयानं ती भिंत पाडली, आणि ज्यांच्यावर संशय घेतला त्यांनी तिच्याखालून पोरीला काढलं. त्यात देवाचा हात कुठे होता आणि माणसांचा कुठे, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. पूर्वी मला ते बरोबर सांगता यायचं.

ताप उतरला त्या संध्याकाळी मी धावजीबाबाच्या अंगणात गेले. साक्ष देणं, पापाची कबुली देणं हे आम्हा ख्रिस्ती लोकांना नवं नाही. पण ती आपण आपल्या माणसांत देतो, आणि बहुधा आधी तयारी करून. मी तयारी केली नव्हती. मी म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला चोर समजले. तुम्ही पोरीचं वाईट कराल असं समजले. मला तुमची पारख नव्हती. मला माफ करा."

म्हातारा वाखाचा दोर वळत बसला होता. त्यानं हात थांबवला नाही. वळता-वळताच म्हणाला, "तुला कुटं ठावं आमी कसं हाव ते. मला तरी कुटं ठावं हुतं तू कशी हाईस. तरी पोर दिलीच की तुज्या हातात."

मी जन्मानं ख्रिस्ती, सुवार्तिकाची बायको. देवाच्या हाती सोपवून दे, हे वाक्य मी रोज कुणा ना कुणाला सांगत होते. सोपवणं कसं असतं ते मात्र मला त्या अंगणात कळलं. जिच्या देवाचं नाव त्याला धड घेता येत नव्हतं, जिच्या दुधाच्या पावडरीला सगळी वाडी भीत होती, अशा एका परक्या बाईच्या सुईखाली त्यानं आपली एकुलती नात ठेवली होती, आणि तिच्या दाराची कडी आतून लागलेली बघूनही तो रोज पायरीवर येऊन बसला होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. यजमान देवाघरी गेले, बुधीला नातवंडं झाली असतील. माझा संशयी स्वभाव पुरता गेला असं मी म्हणणार नाही, दूध मी अजूनही निरखून घेते. पण त्या लेकराच्या जिवाबद्दल आभार मानायला बसले की मी फक्त वर बघत नाही. आधी त्या दोन म्हाताऱ्यांची नावं घेते, आणि मग प्रभूचं.